भटक्याच्या हाती पाणी

आभाळतात्या चाळीस वर्षांत अकरा वेळा पाटात पडले होते. हा हिशेब त्यांनी नाही, लोकांनी ठेवला होता. मान वर करून चालायची खोड आणि पायाखाली हातभर रुंदीचा बांध, मग दुसरं काय होणार? पडले की निथळत उठायचे, कपडे पिळायचे, आणि पुन्हा पहिली नजर वरच टाकायचे. आपल्या पडण्यानं तिकडचं काही हललं तर नाही ना, एवढं बघून मगच चपला शोधायला लागायचे.

ते पाटकरी होते. तळ्यातून निघालेला पाट उतारावरून येऊन एका उंच दगडी भिंतीशी थांबायचा. तिथं दांड्यानं फिरवायचं लोखंडी दार होतं, आणि दाराच्या पुढं पाटाला तीन फाटे फुटले होते. पहिला आखूड, रोपवाल्याच्या रोपांकडे जाणारा. दुसरा तात्यांच्या जावयाच्या रानाकडे. तिसरा सगळ्यांत लांब. तो वळणं घेत, पाणी पीत पीत पार टोकाला एका बाईच्या वाफ्यांत जायचा. त्या बाईचा नवरा दूरदेशी गाड्या चालवायचा, रान ती एकटीच करायची. तिला सगळे टोकवाली म्हणत. रानामुळे की जिभेमुळे, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दिवसाचं पाणी वरच्या वस्तीचं होतं. खालच्या या तिघांच्या वाट्याला रात्र आलेली. आणि रात्र वाटायची तर ती आभाळाच्या मापानं, असा जुना करार होता. तात्या भिंतीसमोरच्या एका ठरलेल्या दगडावर बसायचे. अश्विनीचा तारा उतरत येऊन भिंतीच्या माथ्याला टेकला, की पाणी रोपवाल्याचं. कृत्तिकांचा पुंजका टेकला, की जावयाचं. रोहिणी टेकली, की टोकवालीचं. आणि व्याध टेकला, की दार बंद, तळं भरू द्यायचं. जावयाचं रान लहान, म्हणून त्याची पाळी जेमतेम पाऊण तासाची. टोकवालीची मोठी, चांगली सव्वा तासाची, कारण पाणी तिच्यापर्यंत पोचण्यातच वीस-पंचवीस मिनिटं जायची.

मध्ये एकदा घड्याळं आणून पाहिली होती. तिघांची तीन. रोपवाल्याचं सात मिनिटं पुढं निघालं, जावयाचं पाच मिनिटं मागं, आणि नवल असं की प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या मालकाच्या बाजूनंच चुकत होतं. तेव्हापासून पुन्हा तारे कामावर घेतले.

"आता मोबाइल आलेत, तात्या," रोपवाला अधूनमधून म्हणायचा. तो तरुण होता, हातात कायम काहीतरी वाजणारं असायचं. "सगळ्यांचे एकच वेळ दाखवतात."

"तुझ्या मोबाइलला चार्जिंग लागतं," तात्या म्हणायचे. "रोहिणीला लागत नाही."

तारा घड्याळासारखा नसतो, हे तात्या कुणालाही हौसेनं समजावून सांगत. तो रोज थोडा आधी येतो, पंधरवड्यात तासभर आधी. त्यामुळे पाळ्या रात्रीतून संध्याकाळकडे सरकत येतात. शेवटी एखादा तारा मावळतीच्या उजेडात बुडाला, की त्याला रजा द्यायची आणि मागून येणाऱ्याला जागेवर बसवायचं. थंडीत रोहिणी आणि व्याध, उन्हाळ्यात मघा आणि चित्रा, पुढं स्वाती. "माझ्या हाताखालच्या माणसांच्या बदल्या होतात," तात्या म्हणत, "पण आजवर एकानं खाडा केलेला नाही."

हे सगळं त्यांना वडिलांनी शिकवलेलं. तेही पाटकरीच. वडिलांनी पहिला धडा दिला तो तारे ओळखायचा नाही, तारे नसलेले ओळखायचा. "ताऱ्याला घर असतं," ते म्हणायचे. "ग्रहाला नुसती वाट असते. आज या ताऱ्याशेजारी, महिन्यानं दुसऱ्याच्या ओसरीवर. कधी चार पावलं पुढं, कधी उलटा मागं. तारा डोळे मिचकावतो, ग्रह टक लावून बघतो. तेवढ्यावरून ओळखायचं. आणि काय वाटेल ते झालं तरी भटक्याच्या हाती पाणी द्यायचं नाही." सहा वर्षांचे असताना पाठ केलेलं हे वाक्य तात्या पुढं प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आले.

दार फिरवलं, की तात्या तोंडाशी हात धरून हाक द्यायचे, "सुटलंऽऽ!" आणि ज्याचं पाणी तो आपल्या वाफ्यात पाणी शिरल्यावर उलट ओरडायचा, "आलंऽऽ!" रोपवाल्याचं उत्तर लगेच यायचं, जांभईत भिजलेलं. जावयाचं थोड्या वेळानं. आणि टोकवालीचं सगळ्यांत उशिरा, सगळ्यांत लांबून, पण सगळ्यांत खणखणीत. ते ऐकलं, की तात्यांना दिवसभर काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

गेल्या दोन थंड्यांपासून मात्र तात्यांच्या डोळ्यांत काहीतरी उतरत चाललं होतं. आधी कृत्तिकांच्या सहा चांदण्यांच्या पाच झाल्या, मग तीन, मग नुसता धुराचा ठिपका. ताऱ्यांना केस फुटले. एकही तारा डोळे मिचकावेना, सगळे विस्कटून बसले. तात्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोनं सुईत दोरा ओवून मागितला, तर म्हणाले, "तुझ्या सुईचं भोकच बारीक झालंय."

"हो," बायको म्हणाली, "आणि उंबरठा उंच झालाय. परवा ठेचकाळलात ना."

तिला ठाऊक होतं. पण नवऱ्याच्या अभिमानाला हात लावायचा, तर आधी हात धुऊन घ्यावे लागतात, हेही तिला चाळीस वर्षांत कळलं होतं.

*

त्या थंडीत मंगळ आला होता. येताना दिव्यासारखा ढळढळीत आला, मग हळूहळू मंदावला, आणि थंडी सरत आली तेव्हा रोहिणीच्या उजव्या अंगाला, मूठभर अंतरावर, तिच्याएवढाच लाल होऊन बसला. दोघं एकाच वेळी भिंतीला टेकायचे. चांगले डोळे असते, तर तात्यांनी चार गोष्टी सांगितल्या असत्या. पण त्यांना पश्चिमेला एकच तांबूस डाग दिसत होता, आणि त्यातल्या त्यात जो ठळक, त्याला ते रोहिणी म्हणत होते.

ठळक होता तो मंगळ.

पहिले काही दिवस कुणाचंच काही बिघडलं नाही. मग भटका आपल्या वाटेनं निघाला. रोज थोडा, दीड-दोन मिनिटांचा काय तो फरक. रोहिणी वेळेवर टेकायची, कुणी न बघता निघून जायची. भटका मागून रेंगाळत यायचा, तो टेकला की तात्या दांडा फिरवून हाक द्यायचे. तोवर पाणी जावयाच्या रानात वाहत राहायचं. टोकवालीची पाळी सुरू व्हायची उशिरा, आणि संपायची मात्र वेळेवर. व्याधाच्या बाबतीत चूक होणं शक्य नव्हतं, एवढा तेजस्वी तारा तात्यांना डोळे मिटूनही दिसला असता.

टोकवालीचं 'आलं' हळूहळू थकलेलं यायला लागलं. मग एखाद्या रात्री येईनासं झालं.

तिनं कांदा लावला होता, बियाण्याचा. कांद्याला दांडे फुटले होते, दांड्यांवर पांढरे गोल गोंडे. त्या दिवसांत पाणी तुटलं, की गोंडा वरून भरलेला दिसतो आणि आत बी पोचट राहतं. वर्षाची सगळी कमाई त्या गोंड्यांत असते.

दर पंधरवड्याला तिघं आणि तात्या मिळून पाटातला गाळ काढत. अशाच एका सकाळी टोकवाली फावडं टेकून उभी राहिली.

"तात्या, माझं पाणी कमी येतंय."

"खेकड्यांनी भोकं पाडली असतील."

"पाट मी तीनदा चालून आले. एक भोक नाही."

"मग उंदीर असतील. पाणी सुटतं ते रोहिणीवर सुटतं. एक क्षण इकडं तिकडं नाही."

टोकवालीनं फावड्याचा चिखल पुसला. मग म्हणाली, "मला तुमच्याएवढं कळत नाही. पण परवा मी कुंपणापाशी उभी होते. तिकांडं आधी उतरलं, आणि तुमची हाक नंतर आली."

तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे, एका रेघेत. ते रोहिणीनंतर अर्ध्या तासानं टेकतात. आजपर्यंत कधी आधी टेकले नाहीत, पुढंही टेकणार नाहीत.

तात्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "रोहिणीच्या आधी तिकांडं? असं कर, उद्या मला येऊन सांग, की सूर्य पश्चिमेला उगवला. तेही मान्य करीन. बाई, पाणी जास्त हवं असेल तर सरळ माग. आभाळाला कशाला खोटं पाडतेस?"

रोपवाला हसला. जावई नाही हसला. तो खाली बघून गाळ ओढत राहिला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. टोकवालीनं फावडं उचललं, आणि एरवी जिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, ती काही न बोलता निघून गेली.

तेच तात्यांना खुपलं. भांडली असती तर बरं झालं असतं. बाई खोटं बोलत असती, तर नक्की भांडली असती.

*

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "आज दारापाशी येशील?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. बायकोनं का म्हणून विचारलं नाही. शाल घेतली, थरमासात चहा भरला, आणि बांधावरून चालताना त्यांचा दंड धरला. तो त्यांनी झटकला नाही.

दगडावर दोघांनाही बसता आलं. कृत्तिकांचा डाग भिंतीला टेकला, तात्यांनी दार जावयाकडे फिरवलं. "सुटलंऽऽ!" थोड्या वेळानं जावयाचं उत्तर आलं. मग तात्या हळूच म्हणाले, "आता मला सांग. मावळतीला, मृगाच्या उजवीकडे, भिंतीच्या वर, लाल तारा बघ."

बायकोनं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं.

"अहो, लाल दोन आहेत," ती म्हणाली. "तुमचा कुठला?"

पाट वाहत होता. तात्यांना तेवढंच ऐकू येत होतं.

"कुठं कुठं आहेत?"

"एक खाली, भिंतीच्या अगदी जवळ. दुसरा उजवीकडे, बराच वर."

"मिचकावतोय कुठला?"

"खालचा. वरचा आपला बघत बसलाय. लाज नसल्यासारखा."

तात्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांना वडिलांचा आवाज ऐकू आला नाही, तसलं काही झालं नाही. फक्त सहाव्या वर्षी पाठ केलेलं वाक्य त्यांनी एकदा पुटपुटून पाहिलं.

"खालचा टेकला की सांग."

"टेकला," काही वेळानं बायको म्हणाली. तात्या उठले. दांडा फिरवला. टोकवालीच्या फाट्यात पाणी घुसल्याचा आवाज झाला. हाक द्यायला त्यांनी हात तोंडाशी नेले, आणि तसेच खाली घेतले. मग बायकोनंच शालीतून हात काढले आणि ओरडली, "सुटलंऽऽ!" दारापासून बाईची हाक पहिल्यांदाच गेली असेल.

"झालं ना?" ती म्हणाली. "चला आता."

"थांब. दुसऱ्याला टेकू दे."

ते दोघं तसेच बसून राहिले. ओतलेला चहा कपात निवला. तिकांडं खाली आलं, तीन तारे एकामागून एक भिंतीआड गेले. बायको एकेक सांगत होती. भटका अजून वरच. तात्यांना आपण किती पाणी चोरलं ते असं बसून बघायचं होतं. शेवटी बायको म्हणाली, "टेकला." पाऊण तास झाला होता. सव्वा तासातला पाऊण तास. उरलेल्या अर्ध्या तासात पाणी वाफ्याच्या तोंडाशी पोचत असेल, ओठ ओले करत असेल, तेवढ्यात तात्या दार लावत असतील.

"अगं, पाणी जात होतं कुणाकडे," तात्या म्हणाले, "ते आलं ना लक्षात?"

बायकोनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "सांगायलाच पाहिजे का? उद्यापासून मी येत जाईन तुमच्याबरोबर. बरोबर वेळेवर सोडू. वर तिला थोडं जास्त देऊ, भरून निघेल. कुणाला कळणार नाही."

"जास्त देऊ म्हणजे कुणाचं देऊ?"

बायकोनं थरमासाचं झाकण लावलं.

"एकदा न कळत चुकलो," तात्या म्हणाले. "आता कळून चुकू?" मग पाटाकडे बघत, "पण सांगितलं तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना? म्हातारा लेकीच्या रानात पाणी सोडत होता आणि डोळ्यांचं निमित्त सांगतोय. चाळीस वर्षं जातील त्यात."

"जातील," बायको म्हणाली. तिनं खोटा दिलासा दिला नाही. फक्त निवलेल्या चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

*

सकाळी ते आधी लेकीकडे गेले. लेक अंगणात भांडी घासत होती, जावई गोठ्यात. तात्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, डोळ्यांचं, दोन लाल ताऱ्यांचं, पाऊण तासाचं. लेकीचा हात भांड्यावर थांबला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता सोडत, बाबा?"

तात्यांना आधी नीट समजलं नाही. "मुद्दाम?"

"पाणी जास्त येतंय हे यांच्या लक्षात आलं होतं," लेक म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, आमचं लहानसं रान बघून तुम्हाला दया आली. म्हणून बोललो नाही. तुम्हाला अवघड वाटेल म्हणून."

गावानं चोर म्हटलं असतं तर ते बाहेरून म्हटलं असतं. पण जिला खांद्यावर बसवून आभाळातलं एकेक घर दाखवलं, ती लेक महिनाभर समजत होती, की आपला बाप असं करू शकतो. आणि वर त्याबद्दल मनातल्या मनात त्याचे उपकारही मानत होती.

"गैरसमज झाला, पोरी," एवढंच ते म्हणाले. "चल. दोघंही चला दारापाशी."

दारावर दांडा आपटला, की तिघांनी यायचं, अशी रीत होती. रोपवाला मोबाइल बघत आला. टोकवाली सगळ्यांत शेवटी आली, आणि लांबच उभी राहिली.

"महिनाभर मी हिचं पाणी चोरलं," तात्या म्हणाले. घसा साफ करायला ते थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुढचं निघणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "मला दिसत नाही. रोहिणी समजून मी मंगळ बघत होतो. पाणी गेलं माझ्या जावयाच्या रानात. ही म्हणाली तिकांडं आधी उतरलं, ते खरं होतं. मी हिला तुमच्यासमोर खोटं पाडलं, म्हणून तुमच्यासमोरच सांगतोय."

मग रोपवाला म्हणाला, "जावयाच्याच रानात कसं बरोब्बर गेलं पण?"

"कारण रोहिणीच्या आधीची पाळी त्याची आहे. तुझी असती तर तुझ्या रोपांना गेलं असतं, आणि तू मला सांगायला आला असतास का, ते तूच सांग."

रोपवाल्यानं मोबाइल खिशात घातला. "मी तेच म्हणत होतो, की घड्याळ..."

"तू थांब रे जरा," टोकवाली म्हणाली. ती चार पावलं जवळ आली आणि तात्यांच्या डोळ्यांत बघत राहिली, चुलीवरच्या भांड्यात डोकावून बघावं तशी. "कधीपासून दिसत नाही?"

"दोन थंड्या झाल्या."

"आणि दोन थंड्या नुसत्या तोऱ्यावर दार फिरवलंत."

"हो."

"माझे बारा वाफे. त्यातले सात पोचट गेले, तात्या. ते काही तुमच्या खरं बोलण्यानं भरायचे नाहीत."

"नाही भरायचे."

"मग एवढं लांबून येऊन ऐकलं काय मी?"

तेव्हा जावई पुढं आला. लेकीनं त्याला मागून कोपरानं ढोसलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. "माझ्या रानात नुसता चारा आहे, वहिनी. निम्म्या पाण्यावरही जगेल. कांदा निघेपर्यंत माझी पाळी तुमच्या फाट्याला जाऊ दे. हे... हे मी आधीच बोलायला हवं होतं. मला कळत होतं."

टोकवालीनं नुसती मान हलवली. मग तात्यांनी दारातून दांडा उपसला. तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला तो लोखंडी दांडा त्यांनी तिच्यासमोर धरला.

"तू धर. शेवटी जेवणाऱ्यानं वाढायला घेतलं, की वाटणी चुकत नाही."

"वा!" रोपवाला म्हणाला. "म्हणजे आता ही स्वतःच स्वतःला पाणी सोडणार?"

"मग तू ये की रोज रात्री बघायला. की झोप येते?" टोकवालीनं दांडा हातात घेऊन जोखला. "पण मी इथं बसले, तर तिथं वाफ्यांत पाणी कोण फिरवणार?"

"मी फिरवीन," तात्या म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही ना?"

"पाणी बघावं लागत नाही. पायाला कळतं."

*

अशी ती उलटी पाळी सुरू झाली. मोठ्या दवाखान्यातला नंबर लागेपर्यंत तीन आठवडे गेले, तेवढे दिवस तात्या टोकाला बसत. चाळीस वर्षं त्यांनी पाणी सोडलं होतं, पाण्याची वाट कधी बघितली नव्हती. लांबून, खूप लांबून, "सुटलंऽऽ!" यायचं, आणि मग काहीच नाही. नुसता काळोख आणि कांद्याच्या दांड्यांची कुजबुज. पाट कोरडा. आता येईल, आता येईल करत माणूस वाकून कान लावतं. सुटलंय म्हणतात, मग गेलं कुठं, अशी शंका येते. मग अनवाणी पायांच्या बोटांना आधी गारवा लागतो, त्यामागून ओल, आणि मग एकदम पाणी घोट्याशी. पहिल्या रात्री तात्यांच्या तोंडून "आलंऽऽ!" निघालं, ते ओरडणं नव्हतं, तो सुटकेचा श्वास होता. महिनाभर ही बाई इथं अशी उभी राहिली, आणि अंगठा न भिजता परत गेली. हे त्यांना आधी समजलं होतं, आता पायाला कळलं.

टोकवाली त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. पण एका रात्री दार लावून परत येताना तिनं त्यांच्या बायकोच्या हातच्या चहाचा थरमास आणला, आणि दोन कप ओतले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली. डॉक्टरांनी जपायला सांगितलेले दिवस तात्यांनी बायकोच्या पहाऱ्यात काढले. मग एका संध्याकाळी ते दारापाशी गेले. टोकवाली दगडावर बसली होती. ती उठली नाही.

आभाळ पुष्कळ पुढं सरकलं होतं. रोहिणी आता रात्रीच्या पहिल्या भागातच उतरणीला लागलेली, थोड्या दिवसांत तिची रजा. मागून मघा चढत होती. आणि सगळ्यांना कडा होत्या. प्रत्येक तारा आपल्या जागी टोचून बसवल्यासारखा, आणि डोळे मिचकावत होता. तात्या दांड्याकडे बघायचं विसरले.

"बघून झालं की सांगा," टोकवाली म्हणाली. "मृगातला सोडून लाल किती?"

वडील परीक्षा घ्यायचे तेव्हासारखे तात्या ताठ उभे राहिले. "दोन. एक रोहिणी, भिंतीकडे उतरतेय. दुसरा पार वर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या वाटेवर. तो मंगळ."

"कृत्तिका किती?"

तात्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या, उगाच, मोजता येतात म्हणून. "सहा."

"मला सात दिसतात."

"तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

हे वाक्य तात्यांच्या तोंडून निघालं, यावर टोकवालीचा विश्वास बसायला थोडा वेळ गेला असावा. मग ती उठली, दांडा दगडावर ठेवला, आणि शाल झटकली. "कांदा निघेपर्यंत जावयाची पाळी माझीच. विसरू नका."

"नाही विसरत."

"आणि मी तिथून आभाळ बघणारच. रोज."

"बघ," तात्या म्हणाले. "बघायलाच पाहिजे."

ती अंधारात बांधावरून निघून गेली. तात्या दगडावर बसले. कृत्तिका टेकल्या, त्यांनी पाणी टोकाच्या फाट्याला लावलं, जावयाच्या वाट्याचं. मग रोहिणी खाली आली, भिंतीच्या दगडावर क्षणभर थरथरली, आणि गेली. दार फिरवायचं नव्हतं, पाणी आधीच योग्य दिशेनं चाललं होतं. तरी तात्या उठले. खरी पाळी आता सुरू होत होती, आणि ती सांगायला हवी होती. त्यांनी तोंडाशी हात धरले.

"रोहिणीऽऽ टेकलीऽऽ!"

लांबून काहीच आलं नाही. पाटाचा आवाज येत राहिला. तात्या उभेच राहिले. वाट बघणं म्हणजे काय ते आता त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बसले नाहीत.

मग टोकाकडून तो आवाज आला, सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत खणखणीत.

"आलंऽऽ! तिकांडं अजून वर आहे होऽऽ, तात्या!"

तात्यांनी मान वळवली. होतं. तीन तारे, एका रेघेत, भिंतीपासून हातभर उंच.

घरी जाताना ते बाराव्यांदा पाटात पडले.